झॉम्बी हिरवाच हवा का? मुलांसोबत गोंडस झॉम्बी रंगवण्याबद्दल तुमचे प्रश्न

सहामाही परीक्षा संपत आली की मुलांच्या चित्रकलेबद्दलची पत्रं वाढतात हे दरवर्षीचंच, पण यंदा ऑक्टोबरच्या पत्रांमध्ये एकच पाहुणा सारखा दिसतोय. मोठं डोकं, एक डोळा टपोरा नि एक बारका, तोंडात एकुलता एक दात, कपाळावर टाके, फाटक्या शर्टला ठिगळ आणि हातात फुगा किंवा आइस्क्रीमचा कोन. गोंडस झॉम्बी! सोसायट्यांमधल्या हॅलोविन पार्ट्या, मोबाइलवरचे गेम्स, नेटवर मिळणारी रंगवायची पानं, कुठून ना कुठून तो घराघरात पोचलाय आणि पालक थोडे गोंधळलेत. मी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते आणि मला हा पाहुणा मनापासून आवडतो, का ते उत्तरांमध्ये येईलच. निवडक प्रश्न घेतेय, बाकीच्यांना त्यातच उत्तर सापडेल अशी आशा आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. बिल्डिंगमधल्या मोठ्या मुलांमुळे त्याला झॉम्बी कळले आणि आता त्याला तेच रंगवायचेत. मी गोंडस चित्रांच्या प्रिंट्स काढून आणल्या तर सासूबाई म्हणाल्या, घरात मेलेल्यांची चित्रं कशाला, तेही सणासुदीला, अभद्र वाटतं. त्यांचं मन मोडायचं नाही आणि मुलालाही नाही म्हणवत नाही. काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, सासूबाईंना अभद्र वाटतंय ना, मग त्यांना समजावत बसण्याआधी त्या वाटण्याला थोडी जागा द्या. म्हणजे ही चित्रं देवघराच्या भिंतीवर नकोत, दाराच्या तोरणाजवळ नकोत, मुलाच्या वहीत राहू देत किंवा त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वही मिटून ठेवली तर मुलाचंही काही अडत नाही.

पण त्याच्यापुढे जाऊन एक करा, नातवाला आजीजवळ बसवा आणि आजीला तिच्या गावच्या भुतांबद्दल विचारा. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, रानात वाट चुकवणारा चकवा, खवीस, झोटिंग, आणि माहेर कोकणातलं किंवा गोव्याकडचं असेल तर गावाची राखण करणारा देवचार, यातलं काही ना काही आजीच्या पोतडीत असणारच. विक्रम राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ तर प्रेतातच शिरलेला होता की! त्याच वेताळाच्या नावाने पुण्यात टेकडी आहे, आणि कोकणात, गोव्यात त्याची देवळं आहेत, लोक त्याला नारळ ठेवतात. म्हणजे उठून बोलणारं प्रेत ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही, आपल्याकडे तो राखणदारसुद्धा असतो.

आणि भीतीदायक आकृत्या मुलांच्या हातात द्यायच्या हेही आपल्याकडे जुनंच आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे मिरवत नेतात, १८८० च्या दशकापासूनची ही परंपरा, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात आणि लहान पोरं गळा काढून ओरडतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात, बारकी पोरं स्वतःचा छोटा नरकासुर करतात, कागद चिकटवतात, डोळे रंगवतात, मिशा लावतात आणि पहाटे तो जाळतात. त्या पोरांना कुणी म्हणत नाही की राक्षस कशाला बनवता.

झॉम्बी मुळात आले हैतीमधून, तेही आजीला सांगा. कॅरिबियन समुद्रातला हा देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता, उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली जात, आणि मेल्यानंतरही आपल्याला कुणीतरी उठवून पुन्हा राबवेल ही त्या लोकांना सगळ्यात मोठी धास्ती होती. स्वतःची इच्छा उरलेली नाही, फक्त मालक सांगेल ते काम करायचं, असा तो मूळचा झॉम्बी. माणसं खाणारा वगैरे तो नंतर सिनेमांनी केला. हैतीच्या लोकांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं, गोष्ट मात्र राहिली. आणि त्या गोष्टीत एक फार सुंदर भाग आहे, झॉम्बीला मीठ खायला मिळालं की तो भानावर येतो! आपल्याकडे मीठ-मोहरीने दृष्ट काढतातच, त्यामुळे आजीला हे लगेच पटेल बघा. मुलाला सांगा, चित्रातल्या झॉम्बीच्या हातात मिठाची बरणी काढ. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलांनी त्याला खारे शेंगदाणे दिले, वेफर्स दिले, एकीने लोणच्याची आख्खी बरणी दिली आणि त्याचे दोन्ही डोळे सारखे करून टाकले, म्हणे आता जागा झाला.

प्रश्न : धाकटी मुलगी चार वर्षांची, रात्री लाइट बंद केला की रडते. मोठीला झॉम्बीचं कलरिंग बुक आणलंय तर ही पण मागते. द्यावं की नको? अजून घाबरली तर?
– एक बाबा, सांगली

उत्तर : ती स्वतःहून मागतेय ना, मग द्या, फक्त पानं तुम्ही आधी चाळा. तीन ते सहा या वयात काळोखाची, पलंगाखालच्या कुणाची तरी भीती वाटणं अगदी नेहमीचं आहे, कारण खरं कुठलं आणि मनातलं कुठलं ही रेघ अजून पक्की झालेली नसते, त्यामुळे ‘काही नसतं तिथे, झोप’ असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही. रंगवताना काय होतं, भीतीची वस्तू तिच्या हाताखाली येते, छोटी होते, कागदावर गप्प पडून राहते आणि तिला काय घालायचं, कुठे उभं करायचं हे सगळं पोरगी ठरवते.

पान कसं निवडायचं ते सांगते. कॉनराड लॉरेन्झ म्हणून प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, रुंद कपाळ, मोठे डोळे, फुगरे गाल, आखूड हातपाय असं काही दिसलं की आपल्याला आपोआप माया येते, बाळ बघून येते तशी. चांगल्या गोंडस झॉम्बीत हे सगळं असतं. तेव्हा पान हातात घ्या आणि डोळ्यांकडे बघा, बुबुळं आहेत का, तो कुठेतरी बघतोय का? नुसते पांढरे डोळे चार वर्षांच्या मुलाला नको. तोंड बघा, हसतोय किंवा गोंधळलाय तर ठीक, दात विचकलेत तर नको. रक्त, बाहेर आलेली हाडं, मेंदू असलं काही असेल तर ते पान मोठीच्याही वहीतून बाजूला ठेवा. टाके, ठिगळं, पट्टी, एक मोजा हरवलेला, इतपत पुरे.

रंगवायला दुपारी बसा, झोपायच्या आधी नको. तिला त्याचं नाव ठेवू द्या, तो काय खातो, त्याची आई कुठाय, तो शाळेत जातो का हे विचारा आणि ती सांगेल ते तसंच मान्य करा, तुमची गोष्ट मध्ये घुसवू नका. पाऊण चित्रावर तिने वही बंद केली तर बंद, ‘पूर्ण कर’ म्हणायचं नाही. झॉम्बी बाजूला ठेवूनही रात्रीची भीती आठवडेच्या आठवडे चालू असेल, झोप मोडत असेल, शाळेत जायला नको म्हणत असेल तर मात्र मुलांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

आणि मोठीला सांगा, घाबरवायचं नाही. यात बहीणभाऊच जास्त गडबड करतात.

प्रश्न : आमच्याकडे १२ रंगांचे ऑइल पेस्टल आहेत. त्यात हिरवे दोनच, एक पोपटी एक गडद. मुलगी म्हणते झॉम्बीचा हिरवा असा नसतो. मग मोठी पेटी आणावी का? आणि ते सगळं पसरून हात, फ्रॉक, टेबल सगळं हिरवं होतं, त्यावर काही उपाय?
– एक पालक, नाशिक

उत्तर : मोठी पेटी अजिबात आणू नका! १२ रंगांत झॉम्बीचं आख्खं गाव रंगवता येतं आणि रंग तयार करण्यातच खरी मजा आहे, ५० रंगांच्या पेटीत ती मजा जाते कारण सगळं आयतं मिळतं.

तिच्यासोबत बसा, एक फालतू कागद घ्या आणि तिथे आधी करून बघा. पिवळा हलक्या हाताने फिरवा, अगदी दाबायचं नाही, कागदाचा पांढरा मधून मधून दिसला पाहिजे. त्यावर निळा, छोटे छोटे गोल फिरवत. मग बोटाने घासा. हिरवा आला? आता त्यावर पांढरा घासला की पिस्ता रंग येतो, तो झॉम्बीच्या चेहऱ्याला सगळ्यात छान दिसतो असं मला वाटतं. हिरव्यावर चिमूटभर तपकिरी किंवा लाल घातला की शेवाळी होतो, काळा अगदी जरासा लावला की राखाडीकडे झुकतो, जास्त लागला की मात्र चिखल, मग परत येत नाही. पिवळा जास्त ठेवला तर पोपटी, निळा जास्त ठेवला तर मोरपंखी. मुलीला म्हणा एकाच घरातले पाच झॉम्बी काढ, आई शेवाळी, बाबा मोरपंखी, बाळ पिस्ता, असं. एका दुपारी तिला हिरव्याबद्दल जे कळेल ते कुठल्याही तक्त्यावरून कळणार नाही.

गाल आधी रंगवायचे, हे महत्त्वाचं. मुलं काय करतात, सगळा चेहरा हिरवा करून मग त्यावर गुलाबी फिरवतात आणि गाल मातकट होतात, मग रडारड. गालांचे दोन गोल आधी गुलाबी करून घ्या, मग हिरवा त्यांच्या कडेपर्यंत आणा. लाल-गुलाबी आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात, त्यामुळे तेवढ्या दोन गोलांनी झॉम्बी एकदम खुशीत दिसायला लागतो. डोळ्यांचा पांढरा कोराच ठेवायचा, पांढरा खडू तिथे लावायचा नाही, कोऱ्या कागदाइतका तो कधीच उजळ दिसत नाही. कपड्यांना जांभळा किंवा नारिंगी घेऊन बघा.

आता पसरण्याबद्दल. फिके रंग आधी, गडद नंतर, काळा सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला की निम्मं काम होतं. उजव्या हाताने रंगवत असेल तर डावीकडून सुरुवात करायची, डावखुरी असेल तर उजवीकडून, आणि तळव्याखाली एक पाठकोरा कागद ठेवायचा म्हणजे रंगवलेल्यावर हात घासला जात नाही. दुसरं म्हणजे पिवळ्या खडूचं टोक निळ्याला लागून घाण होतं आणि पुढच्या वेळी सूर्यसुद्धा हिरवा येतो, म्हणून रंग बदलताना टोक जुन्या फडक्याला पुसायची सवय लावा. टेबलावर वर्तमानपत्र. फ्रॉकचं काय, तर जुना फ्रॉक.

प्रिंटरचा साधा कागद ७०-७५ जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), म्हणजे तसा पातळच असतो, त्यावर ऑइल पेस्टलचे दोन थर कसेबसे बसतात, स्केचपेन तर मागे फुटतो आणि खालच्या पानावर उमटतो. प्रिंट काढायचीच असेल तर जाड कागदावर काढा, नाहीतर चित्रकलेच्या वहीचं सुटं पान प्रिंटरला चालतंय का बघा. पान रंगवून झालं की मागची पार्श्वभूमी अशी करा, पांढऱ्या खडूने चंद्र आणि चांदण्या दाबून काढायच्या, दिसणार नाहीत पण असू देत, आणि मग वरून निळ्या वॉटरकलरचा पातळ हात द्यायचा. तेलखडूवर पाणी धरत नाही, त्यामुळे चांदण्या आपोआप उगवतात. मुलं या वेळी जी किंचाळतात ना, ते ऐकण्यासारखं असतं.

अजून एक सांगते, मला स्वतःला हे फार मोलाचं वाटतं. हे ऑइल पेस्टल जपानमध्ये साकुरा कंपनीने १९२५ च्या सुमारास आणले, आणि त्याच काळात तिथे कानाए यामामोतो नावाचे चित्रकार शाळाशाळांत सांगत फिरत होते की मुलांना नमुन्याचं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवायला लावू नका, त्यांना मोकळं काढू द्या. त्यांच्या या सांगण्याचा त्या खडूंवर परिणाम झाला, मुलांच्या हातात भरपूर रंग सुटावा, दाबून, घासून, मिसळून बघता यावं असे ते केले गेले. म्हणून तुमच्या पेटीतले दोन हिरवे कमी पडले तर ते बरंच झालं.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. चित्र दिलं की दोन मिनिटांत सगळ्यावर काळा फासतो, रेषेच्या बाहेर तर जातोच जातो. पुढे एलिमेंटरीला बसवायचंय, असं चाललं तर कसं होणार? त्यात झॉम्बीसारखी चित्रं देऊन हात अजून बिघडेल का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असतं, दुसऱ्याने छापून दिलेल्या रेषेच्या आत रंग भरायचा पेपर त्यात नाही. आणि तो दुसरीत आहे हो, त्या परीक्षेला खूप वर्षं आहेत, आत्ता ती डोक्यातून काढून टाका.

हात बिघडत नाही. खरं सांगायचं तर ज्या मुलांना ‘चुकलं’ हे ऐकून ऐकून चित्र नकोसं झालंय त्यांना मी मुद्दाम झॉम्बी देते. आंबा निळा केला की घरातलं कुणीतरी टोकतं, झाड जांभळं केलं की शिक्षक टोकतात, गणपतीचं पीतांबर तर सगळ्यांनाच पाठ. झॉम्बीला मात्र कुणी पाहिलेलं नाही, त्याचा रंग चुकूच शकत नाही! शर्ट फाटका असतो त्यामुळे रंग बाहेर गेला तरी शोभतो, हात वाकडा आला तरी शोभतो. अशी दोन-चार पानं झाली की मुलं पुन्हा निवांत रंगवायला लागतात हे मी वर्गात बघत आलेय.

त्याच्या काळ्याचं काय करायचं? करू द्या, पण आधी खाली रंगीत पट्टे मारून घ्यायला सांगा, पिवळे, गुलाबी, पोपटी, मग वर काळा दाबून फासायचा, हवा तितका, आणि टूथपिकने किंवा संपलेल्या रिफिलच्या टोकाने ओरखडायचं. काळ्याखालून रंग बाहेर येतात. रात्रीचा झॉम्बी झाला! जे त्याला आवडतं तेच त्याच्या कामाला येतं. पकड सुधारायची असेल तर लांब खडू देऊ नका, तुकडे करून द्या, बारक्या तुकड्याला मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांनीच धरावं लागतं. आणि कागद टेबलाला चारी कोपऱ्यांत टेप लावून चिकटवा, बऱ्याचदा रेषेबाहेर जायचं कारण कागद सरकणं एवढंच असतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुलं घरी पावरी बोलतात. मोबाइलवर कुणाचा तरी झॉम्बी गेम बघून आलीत आणि आता ते चित्र पाहिजे म्हणतात. प्रिंटर नाही, झेरॉक्स तालुक्याला, खडूंच्या दोन पेट्या आहेत. काही करता येईल का?
– एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : बाई, प्रिंटर नाही हे उत्तमच झालं म्हणते मी, तुम्ही फळ्यावर काढा आणि मुलं तुमच्याबरोबर काढतील, ते छापील पानापेक्षा कितीतरी चांगलं.

आधी पावाच्या स्लाइससारखा आकार, वरून फुगीर खालून सपाट, फळ्याच्या निम्म्या उंचीएवढा मोठा, कारण डोकंच मोठं हवं. त्यात एक मोठं शून्य नि एक छोटं शून्य, हे डोळे. बुबुळं मुलांना ठरवू द्या, वर बघतोय की बाजूला. नाकाला दोन ठिपके. तोंडाला एक तिरकी रेघ आणि तिला लटकलेला एक चौकोनी दात. कपाळावर एक आडवी रेघ मारून तिच्यावर बारक्या उभ्या रेघा, हे टाके. डोक्यावर तीन केस. मान काढायचीच नाही, डोक्याखाली लगेच छोटासा शर्ट, शर्टची खालची कड करवतीसारखी दातेरी, आणि दोन्ही हात सरळ पुढे. हात पुढे केलेला झॉम्बी मुलांना काढता येत नाही तेव्हा दोन्ही हात एकाच बाजूला काढून टाका, झालं. पाय आखूड, एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. कागदाला ऑफिसातले पाठकोरे चालतात.

दोन पेट्यांत सगळा वर्ग बसवायचा तर मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला तीनच खडू द्या, कुठलेही. एका गटाला तपकिरी-गुलाबी-निळा मिळेल, दुसऱ्याला लाल-पिवळा-काळा. सगळ्यांचे झॉम्बी वेगळे होतात आणि माझा हिरवा त्याने घेतला ही तक्रारच येत नाही.

खडू नसले तरी एक जादू आहे. वाटीभर पाण्यात हळद कालवा, कापसाच्या बोळ्याने झॉम्बीचा चेहरा पिवळा करा, वाळू द्या. मग कपड्याच्या साबणाचं दाट पाणी करून काडीला कापूस गुंडाळून त्याने गाल, ठिपके, टाके काढा. पिवळ्यावर लाल-तपकिरी उमटतं! वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो ना, तेच आहे हे, हळद साबणासारख्या अल्कलीत गेली की रंग बदलते. लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळं होतं. त्यासाठी चुना वापरू नका, लहान मुलांच्या डोळ्यात गेला तर वाईट. परिसर अभ्यासाचा तास आणि चित्रकलेचा तास दोन्ही यातच होतात.

मग प्रत्येकाला आपल्या झॉम्बीबद्दल बोलू द्या, पावरीत बोलू द्या, आणि त्यातलं एक वाक्य तुम्ही मराठीत चित्राखाली लिहून द्या. जी पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत तीसुद्धा स्वतःच्या झॉम्बीबद्दल बोलतात.

प्रश्न : नातू न्यू जर्सीला, सात वर्षांचा. मराठी कळतं पण बोलत नाही. व्हिडिओ कॉलवर त्याला हॅलोविनचे झॉम्बी दाखवायचे असतात आणि मला काय बोलावं ते कळत नाही. ही हौस आहे तर तिच्यातूनच काही जमेल का?
– एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, जमेल, आणि तुम्हाला मजाही येईल. सुनेला किंवा मुलाला सांगा, एकाच झॉम्बीच्या दोन प्रती काढा, एक तिकडे एक तुमच्याकडे. कॉल लावायचा आणि एकमेकांचं चित्र दिसू द्यायचं नाही. तुम्ही मराठीत सांगायचं, ‘डावा हात जांभळा कर’, ‘टोपीला पिवळे ठिपके दे’, ‘उजव्या पायात निळा मोजा’, आणि तुम्हीही तेच करायचं. शेवटी दोघांनी कॅमेऱ्यासमोर धरायचं, काय काय वेगळं झालं ते शोधायचं. दुसऱ्या पानाला त्याची पाळी, आता तो सांगणार आणि मराठीतच सांगावं लागणार, कारण आजीला मराठीतच कळतं! रंगांची नावं त्याला भरपूर द्या, नुसता लाल-हिरवा नको, अबोली, आमसुली, पोपटी, राखाडी, मोरपंखी, मेंदी, ही त्याला तिकडे दुसरं कोण देणार?

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो, दिवाळी त्याच्या आगेमागेच येते, २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती. तेव्हा झॉम्बीच्या हातात पणती द्या, डोक्यावर फेटा बांधा, नऊवारी नेसलेली झॉम्बी आजी काढा, पुढ्यात चकल्यांचं ताट. त्याच्या वर्गात चिनी मुलं असतील तर त्याला विचारा, त्यांच्याकडचं उड्या मारत येणारं प्रेत माहितीये का म्हणून, जुन्या दरबारी माणसाचा झगा घातलेलं, कपाळावर पिवळा कागद चिकटवलेलं, त्याला जिआंगशी म्हणतात. मेक्सिकन मित्र असेल तर फुलं-वेलबुट्टीने सजवलेल्या कवट्या, १ आणि २ नोव्हेंबरला ते आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात, आपल्या पितृपक्षासारखंच. हे सगळं तो तुम्हाला सांगेल, तुम्ही त्याला मुंजा सांगा.

प्रश्न : मी तिसरीत आहे. मी झॉम्बीला गुलाबी रंग दिला. दादा म्हणतो झॉम्बी हिरवाच असतो, गुलाबी चूक आहे. त्याच्या एका पायात चप्पल नाही. कोण बरोबर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तू बरोबर. हैतीच्या जुन्या गोष्टींमध्ये झॉम्बी हिरवा नव्हताच, साध्या माणसासारखा दिसायचा, हिरवा त्याला नंतर कॉमिक्सवाल्यांनी आणि गेमवाल्यांनी दिला, त्यांना आवडला म्हणून. तुला गुलाबी आवडला म्हणून तू गुलाबी दिलास, त्यांच्यात आणि तुझ्यात काही फरक नाही. दादाला म्हण, तुझा हिरवा काढ, मग दोघांना एकाच मोठ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवा. गुलाबी झॉम्बीच्या हनुवटीखाली आणि शर्टच्या बाहीखाली थोडा जांभळा घास, म्हणजे सावली पडेल आणि तो कागदावरून उठून उभा राहील, काळा वापरू नकोस, गुलाबी मळतो.

आणि ती चप्पल कुठे गेली ते काही तू लिहिलं नाहीस. पुढच्या चित्रात काढ आणि आम्हाला पाठव, पानाच्या मागे झॉम्बीचं नाव लिहायला विसरू नकोस.